ट्रायकोकार्ड उसात चाललं, टोमॅटोत का नाही? आधी झाड तपासा

"दादा, उसात खोडकिडीला कार्डं लावली, गुण आला. तीच कार्डं टोमॅटोत लावली, पर आळी काय हाटंना." शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, फोन कुठूनही येवो, वाक्य जवळपास हेच असतं. निष्कर्षही ठरलेला असतो: कार्डं बोगस होती, नाहीतर ही मित्रकीटकांची भानगड कागदावरच बरी. मग जोरदार फवारणी होते, तिच्यात उरलेसुरले मित्रकीटकही मरतात, आणि थोड्याच दिवसांत अळी पहिल्यापेक्षा जास्त दिसायला लागते. पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

यातल्या बऱ्याच तक्रारींत दोष कार्डाचा नसतो, आणि शेतकऱ्याचाही नसतो. आपण अळी बघतो, मित्रकीटक बघतो, पण दोघांची गाठ जिथं पडायची त्या झाडाकडे बघायचं राहून जातं. मित्रकीटक थेट अळीवर येऊन पडत नाही. तो आधी झाड हुडकतो, त्यावर उतरतो, पानावरून चालतो आणि मग अंड्यापर्यंत किंवा अळीपर्यंत पोचतो. या प्रत्येक पायरीवर झाड त्याला साथ देतं किंवा अडवतं. ढालकिड्यासारखा चार ठिकाणी चरणारा शिकारी एका झाडावर अडला तर दुसरीकडे जाईल. पण एकाच जातीच्या किडीवर पोट असलेला कीटक अडला की त्याचा खेळ तिथंच संपतो.

आधी कार्डाची शंका मिटवा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करताच वाद सुरू होतात. ट्रायकोकार्डावर तांदळावरच्या पतंगाची, म्हणजे कॉर्सिराची अंडी चिकटवलेली असतात. ट्रायकोग्रामा ही किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी बारीक माशी. कॉर्सिराच्या अंड्यांत तिची वाढ झाली की ती अंडी काळी पडतात. कार्ड हातात आल्यावर बहुतेक अंडी काळी दिसली पाहिजेत. कार्डाची एक बारीक पट्टी कापून काचेच्या स्वच्छ बाटलीत टाका, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि बाटली घरात सावलीत ठेवा. बाकीची कार्डं रानात लावा. बाटलीत दोन-तीन दिवसांत अर्ध्या मिलिमीटरच्या, धुळीच्या कणासारख्या माश्या फिरताना दिसल्या तर कार्ड चांगलं होतं. दिसल्या नाहीत, तर पुढचं वाचायची गरज नाही. ज्याच्याकडून कार्ड आणलं त्याच्याकडे ती बाटली घेऊन जा.

कार्ड चांगलं असूनही रानात फुकट गेलं असेल तर आधी मुंग्या बघा. मुंग्या कार्डावरची अंडी उचलून नेतात आणि मागं रिकामी पट्टी राहते. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर लावलं होतं का, आणि लावण्याच्या आगेमागे कीटकनाशक मारलं होतं का, हेही विचारून घ्या. एवढं सगळं ठीक असेल तर आता झाडाकडे वळा.

झाडाची परीक्षा कशी घ्यायची

कार्ड बनवणाऱ्या प्रयोगशाळेकडून कॉर्सिराची ताजी अंडी चिकटवलेल्या काही पट्ट्या मागून घ्या. ट्रायकोग्रामाला अजून न दाखवलेल्या, पांढरट अंड्यांच्या. ज्या दिवशी ट्रायकोकार्डं लावाल त्याच दिवशी यातल्या काही पट्ट्या टोमॅटोच्या पानांखाली टाचा आणि काही बांधावरच्या ज्वारीच्या किंवा मक्याच्या पानांखाली. ट्रायकोकार्डापासून दोन्हींचं अंतर सारखं ठेवा. दोन दिवसांनी सगळ्या पट्ट्या काढून वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा, बाटल्यांवर पिकाचं नाव लिहा आणि चार-पाच दिवस थांबा. ज्या अंड्यांत माशीनं अंडं घातलं ती काळी पडतील. ज्वारीवरच्या पट्टीत भरपूर काळी अंडी आणि टोमॅटोवरच्या पट्टीत तुरळक असा निकाल आला, तर माशी चांगली होती, वाट वाईट होती.

पट्ट्या मिळाल्या नाहीत तर अळीचीच अंडी गोळा करा. टोमॅटोवर फळ पोखरणाऱ्या अळीची, म्हणजे हेलिकोव्हर्पाची अंडी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर एकेकटी सापडतात. ती पानाच्या तुकड्यासकट बाटलीत ठेवा. इथं एक गल्लत हमखास होते. निरोगी अंडंही उबायच्या आधी गडद होतं, पण त्यात तपकिरी कडं आणि आतल्या अळीचं काळं डोकं दिसतं. ट्रायकोग्रामानं साधलेलं, म्हणजे तिनं आत आपलं अंडं घातलेलं अंडं सगळीकडून सारखं काळं दिसतं, आणि त्यातून माशी गोल भोक पाडून बाहेर पडते.

टोमॅटो: चिकट केसांची वाट

टोमॅटोच्या रानात काम केल्यावर हात हिरवे-काळपट आणि चिकट होतात. ते खोडावरच्या आणि पानांवरच्या ग्रंथी असलेल्या केसांमुळे. माणसाच्या हाताला ते नुसते चिकटतात. ट्रायकोग्रामाची गत मात्र गुऱ्हाळाच्या दारात सांडलेल्या काकवीत सापडलेल्या मुंगीसारखी होते. माशी अडकते, अडकली नाही तर पाय आणि पंख साफ करण्यात वेळ घालवते, आणि जेवढं पान एरवी धुंडाळलं असतं त्यातलं थोडंच धुंडाळते. उसाच्या पानावर असले ग्रंथींचे केस नाहीत. उसाची कूस टोचते ती आपल्याला. त्या एवढ्याशा माशीला उसाचं पान म्हणजे मोकळं मैदान.

ही अडचण ट्रायकोग्रामापुरती नाही. लाल कोळीवर जगणारा फायटोसियुलस पर्सिमिलिस हा शिकारी कोळी जगभरच्या हरितगृहांत काकडीवर आणि वेलवर्गीय शेंगांवर उत्तम चालतो, टोमॅटोवर मात्र अडखळतो. पांढऱ्या माशीवरची एन्कार्सिया फॉर्मोसा केसाळ पानावर हळू चालते, आणि चाल मंदावली की तेवढ्याच वेळात तिला कमी पिल्लं सापडतात.

केसांखाली रसायनही आहे. टोमॅटोच्या पानात टोमॅटिन असतं. हेलिकोव्हर्पाच्या अमेरिकेतल्या भावंडाला टोमॅटिनमिश्रित खाद्य दिलं, तर त्या अळीच्या पोटात वाढणारी हायपोसोटर ही परोपजीवी माशी कमजोर होते, मरते, हे १९७९ मध्ये प्रयोगातून दाखवलं गेलं. पान अळीनं खाल्लं, पण किंमत मोजली तिच्या शत्रूनं. एका जंगली टोमॅटोच्या केसांत टू-ट्रायडेकॅनोन नावाचं द्रव्य असतं. ते किडींना मारतं म्हणून पैदासकारांना त्याचं फार आकर्षण होतं, पण ते मित्रकीटकांनाही सोडत नाही. म्हणून 'कीडप्रतिकारक वाण' एवढं ऐकून खूश होऊ नये. तो प्रतिकार कुणाकुणाला बाधतो हेही विचारावं.

मग टोमॅटोत करायचं काय? कार्डं टाकून द्यायची नाहीत, फक्त अपेक्षा आणि पद्धत बदलायची. उसात जेवढ्या अंतरावर कार्डं लावता त्यापेक्षा टोमॅटोत पट्ट्या बारीक करून जास्त ठिकाणी लावा. ही माशी स्वतःच्या बळावर फार लांब जात नाही, आणि चिकट पानांवर तर आणखीच कमी. झाड लहान असतानाच सुरुवात करा. पानांचा पसारा वाढला की तेवढ्याच माश्यांना शोधायला कितीतरी जास्त जागा पडते, आणि साधलेल्या अंड्यांचं प्रमाण घसरतं. युरियाचा हात सैल सुटला असेल तर हा पसारा लवकर माजतो. कार्डं एकदाच न लावता आठवड्याच्या अंतराने, अळीची अंडी दिसत आहेत तोवर लावत राहा.

दुसरं, झेंडू. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं सुचवलेली पद्धत आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे: टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूची एक ओळ, आणि झेंडूचं रोप टोमॅटोपेक्षा जुनं. साधारण २५ दिवसांच्या टोमॅटोसोबत ४० ते ४५ दिवसांचं झेंडूचं रोप लावायचं. बरेच जण दोन्ही रोपं एकाच वयाची लावतात, मग झेंडू फुलतो तेव्हा टोमॅटोला फळं धरून गेलेली असतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. पतंगाला फुललेला झेंडू हवा असतो. अळ्या तिकडे गोळा झाल्या की विषाणूची, म्हणजे एचएएनपीव्हीची फवारणी त्या ओळींवर जास्त लक्ष देऊन करता येते. फवारणी संध्याकाळीच करा, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू लवकर निकामी होतो. पाण्यात थोडा गूळ विरघळवला तर अळी ते पान जास्त खाते. गूळ आपल्याकडे मागायला जावा लागत नाही.

ज्याला तुम्ही शत्रू समजून मारता

टोमॅटोतला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. चिकट केसांवर अडकणाऱ्यांची यादी मोठी आहे, पण त्याच केसांवरून आरामात चालणारा एक शिकारीही आपल्या रानात आहे. नेसिडिओकोरिस टेनुइस हा ढेकणांच्या गटातला हिरवट, सडपातळ, लांब पायांचा किडा. टोमॅटो आणि तंबाखू ही त्याची हक्काची घरं. पांढऱ्या माशीची पिल्लं, पतंगांची अंडी, आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रथम आढळलेल्या टुटा या टोमॅटोवरच्या नागअळीची अंडी आणि लहान अळ्या तो खातो. बाकीच्यांना जे झाड सापळा वाटतं ते याला माहेर आहे.

आता अडचण. भक्ष्य कमी पडलं की हा किडा झाडाचा रस घेतो. कोवळ्या देठांवर आणि शेंड्यावर तपकिरी वलयं पडतात, कधी फुलं गळतात. शेतकरी वलय बघतो, किडा बघतो आणि दुकानातून जहाल औषध आणतो. घाई करू नका. पांढरी माशी आणि पतंगांची अंडी झाडावर भरपूर असताना हा किडा दिसत असेल तर तो तुमचं काम करतोय. किडी संपल्यात, वलयं वाढतायत आणि शेंड्याशेंड्यावर हा किडा दिसतोय, तेव्हाच त्याचा बंदोबस्त करायचा विचार करा, आणि तोही प्रादुर्भावाच्या पट्ट्यापुरता. तीळ हे त्याचं आवडतं झाड आहे. टोमॅटोच्या कडेनं तिळाच्या ओळी असल्या तर तो तिथं राहतो, वाढतो, आणि टोमॅटोवरचा त्याचा त्रासही कमी होतो असं परदेशातल्या प्रयोगांत दिसलं आहे.

हरभरा: आंब

सोयाबीन निघाल्यावर हातकणंगले-शिरोळ भागात हरभरा पेरणारे पुष्कळ. त्यातले काही जण टोमॅटोतली उरलेली कार्डं हरभऱ्यात लावतात. हे सरळ सांगतो: नका लावू. पहाटे हरभऱ्यातून चालल्यावर पायाला लागते ती आंब म्हणजे पानावरच्या केसांतून सुटणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. त्या आम्लात ट्रायकोग्रामा टिकत नाही.

हैदराबादजवळच्या पटांचेरूला असलेल्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं घाटे अळीवर, म्हणजे टोमॅटोतल्या त्याच हेलिकोव्हर्पावर, जे काम केलं त्यातून ही गोष्ट फार स्पष्ट झाली. अळी एकच, पतंग एकच. ज्वारीवर घातलेली त्याची अंडी ट्रायकोग्रामाला भरपूर सापडतात, तुरीवर क्वचित, आणि हरभऱ्यावर जवळपास नाहीतच. उलट कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही परोपजीवी माशी लहान अळीच्या अंगात अंडं घालते, आणि तिचं काम हरभऱ्यावर जोरात चालतं. तुरीवर मात्र ती फारशी दिसत नाही. तिथं मोठ्या अळ्यांवर टॅकिनिड माश्या येतात. म्हणजे पीक बदललं की अळीचा शत्रूही बदलतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात.

हरभऱ्यात तुम्हाला सांभाळायची आहे ती कॅम्पोलेटिस. ती पहिल्या ते तिसऱ्या अवस्थेतल्या लहान अळ्या पकडते. अळी मोठी झाली की तिच्या हातून सुटली. म्हणून सुरुवातीचे दिवस मोलाचे, आणि नेमकं याच वेळी 'एक हात मारून घ्यावा' म्हणून केलेली फवारणी तिला संपवते. पानांवर तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी-पांढुरका, गडद ठिपक्यांचा कोष दिसला आणि त्याला अळीची सुकलेली कातडी चिकटलेली असली, तर तो तिचा. लोक त्याला बुरशी समजतात किंवा पाखराची विष्ठा. असे कोष जागोजागी दिसत असतील तर हात आवरा. पेरताना मधूनमधून धने टाकले तर त्या फुलांचा मध तिला मिळतो. थोडी ज्वारी विखरून पेरली तर तिच्या कणसांवर पाखरं बसतात आणि मोठ्या अळ्या टिपतात. जुन्या माणसांची ही रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

कोबी: मेण

कोबी-फुलकोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी पानाला बारीक भोकं पाडते. इथं केस नाहीत, पण पानावर निळसर मेणाची साय असते. पाणी त्यावरून घरंगळतं, आणि छोट्या शिकाऱ्यांचे पायही घसरतात. अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत मेण कमी असलेल्या, चकचकीत पानांच्या कोबीवर क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाच्या अळ्या आणि ढालकिडे यांनी जास्त अळ्या खाल्ल्या, कारण त्यांना चालता येत होतं. आपल्याला बाजारात वाण निवडताना एवढी मुभा नसते. पण कोबीत क्रायसोपाची अंडी सोडून फरक दिसला नाही, तर हे कारण मनात असू द्या.

कोबीत मोहरीवर विश्वास ठेवा. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या ओळी, पहिली पेरणी कोबीच्या लागणीआधी १५ दिवस आणि दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. पतंग अंडी घालायला मोहरीकडे जातो. मोहरी फुलली की तिच्यावर कोटेसियासारख्या परोपजीवी माश्यांची वर्दळ दिसेल. पहिली मोहरी वाळून दुसरी अजून उगवलीच नाही असा खंड पडू देऊ नका.

झाड हाक मारतं

अळीनं पान कुरतडलं की त्यातून वेगळा वास सुटतो. कापलेल्या गवताचा वास आपल्याला येतो तो याच जातीचा, पण अळीच्या लाळेमुळे झाड आणखीही वेगळी द्रव्यं सोडतं. मक्याच्या रोपांवर १९९० मध्ये झालेल्या कामात दिसलं की अळीनं खाल्लेल्या मक्याचा वास परोपजीवी माशीला खेचतो, आणि नुसत्या कात्रीनं कापलेल्या पानाचा तितका नाही. पुढं १९९७ मध्ये अळीच्या लाळेतलं व्होलिसिटिन हे द्रव्य ओळखलं गेलं. झाडाला अळी चावली हे कळतं ते त्यावरून.

सगळी वाणं सारखी हाक मारत नाहीत. मक्याच्या मुळांवर अळी लागली की युरोपातली काही वाणं आणि मक्याचा जंगली पूर्वज टिओसिंटे जमिनीत कॅरिओफिलिन सोडून अळीभक्षक सूत्रकृमींना बोलावतात. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच वाणांनी ही क्षमता गमावली आहे, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तो प्रकार मुळांचा आहे, पानांचा नाही, पण उत्पादनामागे धावताना वाणातून काय निसटतं हे त्यावरून समजतं.

यातून आपल्यासाठी काय? प्रयोगशाळेत कॉर्सिराच्या अंड्यांत वाढलेल्या माशीला तुमच्या पिकाच्या वासाची ओळख नसते. ज्या झाडावर भक्ष्य मिळालं त्या झाडाचा वास बऱ्याच परोपजीवी माश्या लक्षात ठेवतात. म्हणून त्याच पिकातून, त्याच शिवारातून गोळा केलेले कोष दुसऱ्या रानात नेले तर ते विकतच्या मालापेक्षा बरे ठरू शकतात. लोकरी माव्याच्या वेळी आपल्या भागानं हे करून दाखवलं आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरकडच्या उसावर मावा उसळला तेव्हा खरं काम केलं डिफा आणि मायक्रोमस या माव्यावरच जगणाऱ्या शिकाऱ्यांनी. डिफाच्या अळ्या असलेली पानं कापून लोक एका फडातून दुसऱ्या फडात नेत होते. मावा रस शोषणारा, पान खाणारा नव्हे, पण धडा तोच.

तंबाखू आणि बांधावरची रुई

कागल-निपाणी पट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी थोडं. तंबाखूत केसही चिकट आणि पानात निकोटीनही. अमेरिकेतल्या तंबाखूच्या शिंगअळीवर कोटेसिया काँग्रेगाटा ही माशी जगते. अळीच्या खाद्यात निकोटीन वाढलं की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या माश्या कमी होतात. त्यामुळे तंबाखूत बाहेरून सोडलेल्या नाजूक मित्रकीटकांवर सगळी भिस्त ठेवू नये. इथं एरंड जास्त कामाचा. स्पोडोप्टेरा या पानं खाणाऱ्या अळीच्या पतंगाची मादी एरंडाच्या पानावर पुंजक्यानं अंडी घालते, तपकिरी केसांनी झाकलेली. रोपवाटिकेभोवती एरंड लावा आणि ती पानं रोज बघा.

रुईवरच्या पिवळ्या माव्याबद्दलही नेहमी विचारणा होते, म्हणून सांगतो. तो माव्याचा प्रकार रुईच्याच कुळातल्या झाडांवर राहतो. तो तुमच्या टोमॅटोवर किंवा सोयाबीनवर चढणार नाही. रुईच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो आणि काही ढालकिड्यांना ते बाधतं. रुईची पानं खाणाऱ्या वाघ्या फुलपाखराच्या अळीचंही असंच, पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. तेव्हा रुईवर मावा असूनही शिकारी कमी दिसले तर आश्चर्य नको, आणि रुई उपटायचीही गरज नाही.

सोयाबीन आणि मका: अंड्यांवरचं पांघरूण

सोयाबीनमध्ये स्पोडोप्टेरावर ट्रायकोकार्ड लावून फसलेले पुष्कळ आहेत. इथं अडचण पानाची कमी आणि पुंजक्यावरच्या केसांची जास्त. ट्रायकोग्रामा त्या पांघरुणातून आत शिरू शकत नाही, फार तर वरची अंडी साधते. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचा पुंजकाही थरांचा असतो. या कामाला टेलेनोमस रेमस ही माशी योग्य, ती आतल्या थरापर्यंत जाते. कार्ड मागताना 'अळीचं कार्ड द्या' असं न म्हणता अळीचं नाव आणि पीक दोन्ही सांगा. मक्यात उशीर करू नका. अळी एकदा पोंग्यात शिरली की विष्ठेचा बोळा तिच्या डोक्यावर बसतो आणि कुठलाही मित्रकीटक तिच्यापर्यंत सहज पोचत नाही.

सोयाबीनच्या कडेनं एरंड लावला असेल तर अंड्यांचे पुंजके असलेली पानं जाळू नका. ती उथळ भांड्यात ठेवा आणि ते भांडं पाण्याच्या परातीत, रानाच्या कडेला, सावलीत. अळ्या बाहेर पडल्या तर पाण्यात पडतील. साधलेल्या अंड्यांतून निघालेल्या माश्या उडून परत रानात जातील. आणि श्रावण-भाद्रपदात झडीनंतर सोयाबीनच्या शेंड्यांवर पांढऱ्या, मग फिकट हिरव्या पडलेल्या कडक अळ्या दिसल्या तर त्या नोमुरिया बुरशीनं मेल्या आहेत. त्या वेळी बुरशीनाशक मारलं तर हा फुकटचा मित्र मरतो. गच्च झालेल्या पिकाचा ओलावा या बुरशीला मानवतो. कधी कधी झाड असंही मदत करतं.

बांधावर काय हवं

परोपजीवी माशीचं पिल्लू अळी खातं, पण मोठ्या माशीला मध लागतो. तो नसेल तर ती लवकर मरते आणि कमी अंडी घालते. चवळीला आणि एरंडाला फुलांशिवायही पानांच्या देठांपाशी मधाच्या गाठी असतात, म्हणून पीक फुलात नसतानाही ही झाडं माश्यांना पोसतात. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडच्या भातवाल्यांनी बांधावर तीळ आणि झेंडू लावून बघावा. थायलंड, चीन आणि व्हिएतनाममध्ये भाताच्या बांधांवर मधाळ फुलझाडं लावून केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल २०१६ मध्ये आले. कीटकनाशकांच्या फवारण्या ७० टक्क्यांनी घटल्या आणि उत्पादन ५ टक्क्यांनी वाढलं. बांधांवर तणनाशक मारून सगळं बोडकं करायची जी पद्धत आपल्याकडे पडत चालली आहे, ती पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही सुटलं नाही तर

कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात कीटकशास्त्राच्या माणसाला नमुना दाखवा. नुसती अळी डबीत घालून नेऊ नका. ज्या पानावर सापडली ते पान, शेंडा, मिळालाच तर कोष किंवा अंड्यांचा पुंजका, सगळं भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या कागदात गुंडाळून न्या. सोबत वाणाचं नाव, लागणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव, नत्र किती दिलं, कार्डं कुठल्या दिवशी आणि किती अंतरावर लावली, आणि आजूबाजूच्या रानांत कोणती पिकं आहेत हे लिहून न्या. वरची बाटलीची आणि पट्ट्यांची परीक्षा केली असेल तर त्या बाटल्याही घेऊन जा. अळीची जात ओळखणं सोपं असतं. ती ज्या झाडावर सापडली तिथं तिचा कोणता शत्रू चालेल, हे सांगायला तपासणाऱ्याला बाकीची माहिती लागते.